टर्बो इंजिनातील घटणारे ऑइल आणि जाहीर न होणारा आकडा

प्रति,
माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : टर्बोचार्जर असलेल्या नव्या मोटारींतील वंगणतेलाच्या वापराचे प्रमाण चाचणीने ठरवून ते खरेदीपूर्वी जाहीर करण्याबाबत.

मंत्रिमहोदय,

मोटार विकत घेणाऱ्या भारतीय नागरिकाला ती एका लिटर पेट्रोलमध्ये किती किलोमीटर धावेल याचा प्रमाणित आकडा खरेदीपूर्वीच कळतो, कारण तो मान्यताप्राप्त संस्थेच्या ठरलेल्या चाचणीतून आलेला असतो आणि जाहिरातीतही छापला जातो. परंतु तीच मोटार दर हजार किलोमीटरला किती वंगणतेल जाळेल, म्हणजे वर्कशॉपच्या बोलीत ती किती ‘ऑइल खाईल’, याचा चाचणीने सिद्ध झालेला आकडा त्याच्या हाती कोठेही पडत नाही. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत, शोधल्यास, एखादे वाक्य सापडते. काही युरोपीय उत्पादकांच्या पुस्तिकांत ते असे असते की इंजिन हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल वापरू शकते आणि पहिल्या पाच हजार किलोमीटरांत हे प्रमाण त्याहूनही थोडे अधिक असू शकते. हा आकडा उत्पादकाने स्वतःच ठरवलेला असतो, त्याची पडताळणी कोणी केलेली नसते, आणि पुढे तक्रार उद्भवली की त्याच आकड्याच्या आधारे ग्राहकाला सांगितले जाते की त्याच्या गाडीत कोणताही दोष नाही.

या अर्ध्या लिटरचा अर्थ साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. एक लिटर क्षमतेच्या तीन सिलिंडरी टर्बो इंजिनात एकूण ऑइल साधारण चार लिटर मावते आणि डिपस्टिकवरील, म्हणजे ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरील, वरच्या व खालच्या खुणांमध्ये एक लिटराच्या आसपास अंतर असते. सर्व्हिसिंगची मुदत अनेक गाड्यांना १०,००० किंवा १५,००० किलोमीटर दिलेली आहे. पुस्तिकेने मान्य केलेल्या दराने इंजिन ऑइल जाळू लागले तर १५,००० किलोमीटरांत साडेसात लिटर लागतील. म्हणजे वरच्या खुणेपर्यंत भरलेले ऑइल २,००० किलोमीटरांत खालच्या खुणेवर येईल, आणि कोणी पाहिले नाही तर सर्व्हिसिंगची निम्मी मुदत सरल्यावर थोड्याच अंतरात इंजिन कोरडे पडेल. समृद्धी महामार्गाने मुंबईहून नागपूरला एकदा जाऊन परत येण्यात सुमारे १,४०० किलोमीटर होतात. त्या एका फेरीत पाऊण लिटराच्या जवळपास ऑइल गेले तरी कागदोपत्री ती गाडी निर्दोष ठरते. सर्व्हिसिंगची मुदत आणि ऑइलवापराची मान्य मर्यादा हे दोन आकडे एकाच पुस्तिकेत असूनही एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ग्राहकाला मात्र त्यांतला पहिलाच आकडा सांगून गाडी विकली जाते.

हा प्रश्न आजच तीव्र का झाला याचे उत्तर शासनाच्या धोरणातही शोधावे लागते. चार मीटरहून कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाच्या मोटारींना करात दीर्घकाळ सवलत आहे. शिवाय उत्पादकाने वर्षभरात विकलेल्या सर्व मोटारींच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर २०१७-१८ पासून मर्यादा आली आणि २०२२-२३ पासून ती अधिक कडक झाली. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ निकष लागू होताना अनेक कंपन्यांनी लहान डिझेल इंजिने बंद केली, आणि त्यांची जागा एक ते दीड लिटर क्षमतेच्या टर्बो पेट्रोल इंजिनांनी घेतली. आज अशी इंजिने साध्या कुटुंबाच्या गाडीत बसवलेली असतात, आणि त्यांतील काही पुण्याजवळच्या चाकणलाच तयार होतात. ही इंजिने वाईट आहेत असे कोणी म्हणू नये. कमी इंधनात अधिक ताकद देण्याचे काम ती खरोखर करतात. परंतु लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचे काम करून घेताना वंगणतेलावर जो भार पडतो, तो ग्राहकाला सांगितला गेलेला नाही.

टर्बोचार्जर म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांवरची दोन चाके : एक चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूच्या जोराने फिरते आणि दुसरे बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. लहान पेट्रोल इंजिनातील हा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो, वायूच्या बाजूला तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि दांडा धातूवर न टेकता ऑइलच्या पातळ थरावर तरंगत राहतो. अशा वेगाला व उष्णतेला रबरी सील टिकत नाही, म्हणून दांड्याभोवतीची फट पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या कडीने रोखलेली असते. या कडीचा उपयोग तिच्या दोन्ही बाजूंचे दाब तोलात असतील तेवढाच. दांड्याला वंगण देऊन ऑइल केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली परत जाते. परतीची नळी काजळीने अरुंद झाली, किंवा इंजिनाच्या खालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, दाब वाढला, तर हे ऑइल कडी ओलांडून एका बाजूने हवेच्या मार्गात किंवा दुसऱ्या बाजूने धुराड्यात शिरते.

तरीही ऑइल घटले की टर्बोलाच दोषी धरण्याची वर्कशॉपमधील सवय बहुधा चुकीची असते, कारण ऑइल जळण्याची मुख्य जागा पिस्टनभोवती आहे. पिस्टनवर सामान्यतः तीन रिंगा असतात. वरच्या दोन ज्वलनाचा दाब राखतात आणि तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. भिंतीवर मागे राहणारा सूक्ष्म थर प्रत्येक स्फोटात थोडाथोडा जळतो, म्हणून शून्य ऑइलवापर असलेले इंजिन अस्तित्वात नाही. इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करायचे असल्याने नव्या इंजिनांत या रिंगांचा भिंतीवरचा ताण कमी ठेवला जातो आणि पिस्टन हलके केले जातात. तिसऱ्या रिंगेमागून ऑइल परत जाण्याची छिद्रे लहान असली, आणि टर्बोमुळे पिस्टनचे तापमान वाढलेले असले, तर तेथे ऑइलचा कोळसा साचतो, रिंग तिच्या खाचेत चिकटते आणि खरवडण्याचे काम बंद पडते. मग पहिल्या वर्षी ऑइल न मागणारी गाडी चाळीस-पन्नास हजार किलोमीटरांनंतर अचानक मागू लागते, आणि तेव्हा हमीची मुदत संपत आलेली असते.

याखेरीज आणखी वाटा आहेत. रिंगांच्या फटीतून क्रँककेसमध्ये झिरपणारे वायू बाहेर न सोडता पुन्हा हवेच्या मार्गात घेतले जातात. टर्बो दाब देत असताना हे वायू टर्बोच्या अलीकडे सोडावे लागतात, आणि त्यांच्याबरोबरचे ऑइलचे तुषार वेगळे करणारी झडप किंवा पडदा निकामी झाला तर ऑइल थेट सिलिंडरात जाते. गाडी नुसती उभी चालू असताना, किंवा कसारा घाट उतरताना चालकाने ॲक्सिलरेटर सोडून गिअरवर वेग आवरला असताना, हवेच्या मार्गात जोरदार निर्वात तयार होतो आणि तो रिंगा व झडपांच्या सीलमधून ऑइल वर ओढतो. म्हणजे मुंबई-पुण्याची रखडणारी वाहतूक आणि सह्याद्रीचे उतार या दोन्ही परिस्थितींत ऑइल अधिक जाते. पातळ ऑइलांचाही यात वाटा आहे. ‘०डब्ल्यू-२०’ किंवा ‘५डब्ल्यू-३०’ या खुणांतील पहिला आकडा थंडीतील आणि दुसरा तापलेल्या स्थितीतील दाटपणा सांगतो, आणि दुसरा आकडा जितका लहान तितके ऑइल गरम असताना पातळ. ऑइल २५० अंशांना तासभर तापवून त्यातील किती भाग उडून गेला हे मोजण्याची ‘नोआक’ नावाची चाचणी आहे. तीत १३ किंवा १५ टक्क्यांपर्यंत घट प्रचलित मानकांना मान्य आहे. एकाच दाटपणाच्या दोन डब्यांमध्ये या बाबतीत मोठा फरक असू शकतो, पण डब्यावर तो आकडा क्वचितच छापलेला असतो.

घटणाऱ्या ऑइलचा दुसरा धोका असा की कधीकधी ते घटलेले दिसतच नाही. ज्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते, त्यांत थंड इंजिनावर काही पेट्रोल भिंतीला लागून खाली ऑइलमध्ये उतरते. जवळजवळच्या फेऱ्यांत ते उडून जाण्याइतके इंजिन तापत नाही आणि डिपस्टिकवरची पातळी स्थिर राहते किंवा चढतेही. २०१८ मध्ये चीनच्या थंड उत्तर भागात होंडाच्या दीड लिटर टर्बो इंजिनाच्या सीआर-व्ही गाड्यांत नेमके हेच घडले आणि त्यांची विक्री काही काळ थांबवावी लागली. काजळीचा फिल्टर असलेल्या डिझेल गाड्यांतही फिल्टर जाळून साफ करताना दिलेले जादा डिझेल याच मार्गाने ऑइलमध्ये मिसळते. अशा वेळी पट्टीवर पातळी योग्य दिसते, परंतु ऑइल पातळ झालेले असते आणि टर्बोच्या दांड्याखालचा थर दुबळा पडलेला असतो.

हे सारे खर्चाच्या किंवा गैरसोयीच्या पातळीवर थांबले असते, तर मंत्रालयाला पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्त व स्फुरद असलेले एक संयुग मिसळलेले असते, आणि ऑइल जळाले की त्यातील स्फुरद धुराबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे विषारी वायूंचे रूपांतर करणाऱ्या पेटीतील मौल्यवान धातूंवर, जाऊन बसते व त्यांना हळूहळू निष्क्रिय करते. याच कारणासाठी आधुनिक पेट्रोल इंजिनांच्या ऑइलमधील स्फुरदावर ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांनी घातली. ही मर्यादा इंजिन थोडेच ऑइल जाळते या गृहीतकावर उभी आहे. चांगल्या स्थितीतील नवे इंजिन साधारणपणे १०,००० किलोमीटरांत एक लिटराहून कमी ऑइल वापरते. तेच इंजिन त्याच्या पाचपट ऑइल जाळू लागले, तर कन्व्हर्टरपर्यंत पोहोचणारा स्फुरदही पाचपट होतो आणि ऑइलमधील मर्यादा निरर्थक ठरते. बीएस-६ निकषांत उत्सर्जन नियंत्रणाच्या टिकाऊपणासाठी १,६०,००० किलोमीटरांचे अंतर धरलेले आहे. त्या टिकाऊपणाची हमी घेताना ऑइलवापराची मर्यादा मात्र उत्पादकाच्या मर्जीवर सोडणे हा नियमांतील उघड अंतर्विरोध आहे. पीयूसी तपासणीत हा जादा ऑइलवापर उघड होत नाही, कारण पेट्रोल गाडीची ती तपासणी उभ्या गाडीच्या धुरातील मोजके वायू पाहते. आणि पूर्वी ऑइल खाणाऱ्या गाडीचा जो निळा धूर मागून येणाऱ्याला दिसे, तो आता बराचसा कन्व्हर्टरमध्येच जिरतो.

इंजिनाच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे. लहान टर्बो इंजिन कमी फेऱ्यांवर जड भार ओढत असताना, उदाहरणार्थ भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये चढ चढताना, रिंगांजवळ साचलेला ऑइल व पेट्रोलचा थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतो. याला कमी वेगावरील पूर्वज्वलन म्हणतात, आणि त्याचा एकच जबर धक्का पिस्टन फोडू शकतो. ऑइलमधील कॅल्शियमयुक्त घटक या घटनेला चालना देतात असे आढळल्यावर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये ‘एसएन प्लस’ आणि मे २०२० मध्ये ‘एसपी’ ही नवी श्रेणी आणली. असे असूनही रस्त्याकडेच्या दुकानात ‘टॉप-अप’साठी मागितलेले ऑइल कोणत्या श्रेणीचे आहे हे फारसे कोणी पाहत नाही. ज्याच्या गाडीला वारंवार टॉप-अप लागतो, तोच माणूस प्रवासात मिळेल ते ऑइल घालण्याच्या जोखमीत सर्वाधिक सापडतो.

परदेशांतील अनुभव असा आहे की ऑइलच्या अतिवापराचा दोष उत्पादकाच्या पुढाकाराने क्वचितच उघड होतो. अमेरिकेत ऑडीच्या दोन लिटर टर्बो इंजिनाबाबत मालकांना सामूहिक दावा करावा लागला, तेव्हा वाढीव हमी मिळाली. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक नियतकालिकाने २०१५ मध्ये याच विषयावर लिहिताना, नव्या गाडीने इतके ऑइल खाणे स्वाभाविक मानता येणार नाही, अशी स्पष्ट भूमिका घेतली. फ्रान्समध्ये ‘यूएफसी-क शुआझीर’ या ग्राहक संघटनेने २०१९ मध्ये रेनोच्या १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाचे प्रकरण बाहेर काढले. २०१२ ते २०१६ या काळातील, रेनोसह इतर काही नावांनी विकल्या गेलेल्या सुमारे चार लाख गाड्या युरोपात या दोषाच्या छायेत असल्याचा संघटनेचा दावा होता. स्टेलांटिस समूहाने मार्च २०२४ मध्ये आपल्या १.२ लिटर प्युअरटेक इंजिनासाठी युरोपात दहा वर्षे किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत हमी वाढवली, आणि तीत ऑइलच्या अतिवापराचा स्पष्ट उल्लेख केला. या तिन्ही ठिकाणी मालकांना एकत्र आणणारी संघटना, नियतकालिक किंवा न्यायालय होते. भारतात प्रत्येक मालक आपल्या शहरातील सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एकटा उभा असतो.

कायद्याचे साधन मात्र भारताजवळ आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०-अ केंद्र सरकारला सदोष वाहने परत बोलावण्याचा अधिकार देते, आणि त्यात चालक व प्रवासी यांच्याबरोबरच पर्यावरणाला होणारी हानीही आधार म्हणून मान्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दोषाची व्याख्या कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याने अपेक्षित असलेल्या दर्जातील उणीव अशी आहे. अडचण येथेच येते : ऑइलवापराचा कोणताही दर्जा कायद्यात नाही आणि करारात आहे तो उत्पादकाचा अर्धा लिटर, त्यामुळे ग्राहक आयोगासमोर मालकाला उणीव कशाच्या तुलनेत दाखवायची हाच प्रश्न पडतो. ही पोकळी भरणे अवघड नाही, कारण भारतीय मानकांना ही कल्पना नवी नाही. शेतकऱ्याच्या पंपाला जोडल्या जाणाऱ्या डिझेल इंजिनांच्या मानकांत वंगणतेलाचा वापर इंधनवापराच्या ठरावीक टक्केवारीत राहिला पाहिजे अशी अट कित्येक वर्षांपासून आहे. विहिरीवरच्या इंजिनाला जी शिस्त लावली गेली, ती लाखो रुपयांच्या मोटारीला लावली गेली नाही, हे कोणत्याही तर्काने समर्थनीय नाही.

उत्पादकांचा आक्षेप ज्ञात आहे आणि तो पूर्णपणे पोकळ नाही. ऑइलचा वापर चालवण्याच्या पद्धतीवर, भारावर, हवामानावर आणि पहिल्या काही हजार किलोमीटरांत रिंगा भिंतीशी कशा जुळल्या यावर अवलंबून असतो, हे खरे आहे. पुण्यातील एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत मिळालेला आकडा घाटात जसाच्या तसा मिळणार नाही. परंतु इंधनवापराबाबतही हेच खरे आहे, आणि तरीही त्याचा आकडा जाहीर होतो, कारण सर्व गाड्या एकाच कसोटीवर मोजल्या की ग्राहकाला निदान तुलना करता येते. दुसरा आक्षेप असा की मालकाने डिपस्टिक नियमित पाहावी असे पुस्तिकेत सांगितलेलेच असते. तेही खरे, पण त्याच मालकाला वर्षभर काही पाहावे लागणार नाही अशा थाटात गाडी विकली जाते, काही महागड्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, आणि पॅनेलवरचा तांबडा ऑइलचा दिवा पातळीचा इशारा देतो असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो दिवा ऑइलचा दाब गेल्यावर लागतो. तो पेटतो तेव्हा टर्बोच्या दांड्याखालचा थर बहुधा आधीच तुटलेला असतो.

या सर्वांवरून मंत्रालयाकडे करावयाची मागणी मर्यादित आणि अंमलात आणण्याजोगी आहे. प्रत्येक नव्या टर्बो इंजिनाची ऑइलवापर चाचणी, ज्या वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर गाड्या आज चालतात त्याच इंधनावर, मान्यताप्राप्त संस्थेत ठरलेल्या अंतरापर्यंत केली जावी आणि तीत ऑइल पट्टीवर न मोजता वजनाने मोजले जावे, म्हणजे इंधन मिसळून फुगलेली पातळी फसवणार नाही. तो आकडा इंधनवापराच्या आकड्याशेजारी विक्रीपूर्वी छापला जावा. उत्पादकाला अधिक वापर मान्य ठेवायचा असेल तर सर्व्हिसिंगची मुदत त्याच्याशी सुसंगत ठेवणे त्याच्यावर बंधनकारक व्हावे. वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंतचे ऑइल सर्व्हिसिंगआधीच संपणार असेल, तर ती मुदत जाहिरातीत मिरवू देऊ नये. हमीच्या काळात मालकाने तक्रार केल्यास ऑइल काढून, तोलून, झाकण मोहोरबंद करून हजार किलोमीटरांनंतर पुन्हा तोलण्याची चाचणी विनामूल्य मिळावी आणि तिचा लेखी निकाल मालकाला दिला जावा, कारण असा कागद हाती नसल्यामुळेच आजच्या बहुतेक तक्रारी हमी संपेपर्यंत ‘अजून थोडे चालवून पाहा’ या सल्ल्यावर लोंबकळत राहतात. दाबाच्या दिव्याखेरीज पातळीचा स्वतंत्र इशारा प्रत्येक टर्बो गाडीत असावा. आणि वाहने परत बोलावण्यासाठीच्या तक्रारव्यवस्थेत ऑइलच्या अतिवापराची वेगळी नोंद व्हावी, म्हणजे नांदेडच्या मालकाची तक्रार आणि कोचीच्या मालकाची तक्रार एका ठिकाणी येतील.

यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्ती पुरेशी आहे. मंत्रालयाने अशा दुरुस्तीचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, आणि तो अंतिम करताना उत्पादकांबरोबर ग्राहक संघटनांनाही समोर बसवावे, ही नम्र पण आग्रहाची विनंती.